लायसन अडकवलं, मग काय झालं?

ॲड. कुमुदताई झाडे यांना मी पहिल्यांदा भेटलो त्या दुपारी त्या माझ्या वडिलांच्या गल्ल्यात हात घालून उभ्या होत्या. गैरसमज नको, परवानगी घेऊनच. ताईंच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या वकिलीबद्दल आणि गावासाठी केलेल्या कामाबद्दल माझ्याहून मोठी माणसं लिहितीलच. मी मात्र त्यांच्या कुतूहलाबद्दल लिहिणार आहे. माझी त्यांची ओळख त्या कुतूहलामुळे झाली, आणि माझ्या हातून घडलेली एक मोठी चूकही त्यानेच निस्तरली.

आमचं टायरचं दुकान जामच्या चौकात. नागपूरकडून येणारा रस्ता इथे फुटतो, एक हैदराबादकडे जातो आणि दुसरा चंद्रपूरकडे, त्यामुळे कुठकुठले ट्रक आमच्या दारावरून जातात. टायर फुटलेल्या ड्रायव्हरचा खिसा बहुतेक वेळा रिकामा असतो आणि दूर गावी बसलेला मालक फोन उचलत नाही. अशा वेळी वडील टायर देत आणि बदल्यात ड्रायव्हरचं लायसन ठेवून घेत. परतीच्या खेपेला हिशेब चुकता करा, लायसन घेऊन जा. चौकातले बाकीचे दुकानदारही असंच करत. हे कायद्यात बसतं की नाही, असा प्रश्न आमच्या घरात कधी कोणाला पडला नव्हता. नुकताच कायद्याची परीक्षा पास झालेल्या मलाही नाही.

त्या दुपारी एसटीतून एक बाई उतरल्या. सुती साडी, हाताच्या घडीवर काळा कोट, खांद्याला कापडी पिशवी. सरळ दुकानात आल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "भाऊ, तुमच्याजवळ ड्रायव्हर लोकं लायसन ठेवून जातेत म्हणे. मले पाहाचं होतं."

वडिलांचा चेहरा उतरला. "कायले जी? आरटीओतून आल्या का तुमी?"

"नाई हो. वकील हाय मी, हिंगणघाटले. फक्त पाहाचं हाय."

गल्ल्याच्या खालच्या खणात रबर लावलेला लायसनांचा गठ्ठा होता. वडिलांनी मान डोलावल्यावर ताईंनी हात घालून तो काढला, सोडला आणि एकेक लायसन उजेडाकडे धरून पाहू लागल्या. फोटो, नाव, गाव. मग विचारलं, "सोडवाले सगळेच येतेत का?"

"ज्याले याचं असते तो येते," वडील म्हणाले. "बाकीचे दुसरं काढून घेतेत."

"मग काय झालं?"

"मग काय होनार बाई? आपलं टायर गेलं."

मला हसू आलं. ताईंनी माझ्याकडे वळून पाहिलं, मी काय शिकतो ते विचारलं. सनद याच महिन्यात आली, असं मी जरा छाती फुगवून सांगितलं. "मंग सांगा वकीलसाहेब, तुमचं लायसन कोणी अडकवून ठेवलं तर तुमी काय करसान?"

"काय करीन? तसंच चालवीन गाडी."

"सोमवारी ऑफिसले येजो," ताई म्हणाल्या. "खरं बोलणारा वकील मले पाहिजेच होता."

अशी माझी नेमणूक झाली. सोमवारी गेलो तेव्हा त्यांनी वर्तमानपत्राचं एक कात्रण पुढे टाकलं. परदेशात काही ठिकाणी, कोर्टाचा हुकूम असूनही बाप मुलाच्या खर्चाचे पैसे देत नसेल तर त्याचं लायसन स्थगित करतात, अशी ती बातमी होती. गाडीचंच नव्हे, धंद्याचंसुद्धा. "अन् मासे पकडाचंबी!" ताईंना त्याची फार गंमत वाटली होती. आपल्या कायद्यात असं नाही. आपल्याकडे पोटगी थकली की वॉरंट निघतं, आणि तरीही दिली नाही तर काही दिवसांची कैद होते. ताईंच्या टेबलावर थकलेल्या पोटगीच्या फायली नेहमी असत, म्हणून त्यांना जाणून घ्यायचं होतं की हा उपाय आपल्या भागात चालेल का. दुसरा कोणी असता तर पुस्तकं उघडून बसला असता. ताईंनी आधी चौकशी केली की आपल्याकडे लायसनं अडकवतो कोण, आणि एसटीत बसून त्या आमच्या दुकानात आल्या.

त्यांनी पुढे जे केलं ते मला आजही नवलाचं वाटतं. वर्षानुवर्षं कोणी सोडवायला न आलेली लायसनं वडिलांकडून मागून घेतली आणि ज्याच्या-त्याच्या पत्त्यावर टपालाने पाठवून दिली. सोबत एक चिठ्ठी, तीही मीच लिहिलेली: "हे पत्र काही मागण्यासाठी नाही. लायसन नसताना आपण काय केले, एवढे कळवावे." पाकिटं मी चिकटवली, तिकिटं ताईंनी आणली. कित्येक पाकिटं पत्ता सापडला नाही म्हणून परत आली, काहींचं पुढे काहीच कळलं नाही. मोजकी उत्तरं मात्र आली. एकाने लिहिलं, आठ दिवसांत दुसरं काढलं. एकाने गाडी सोडून मिरच्या लावल्या होत्या. एक म्हातारे सरदारजी स्वतः दुकानात आले, टायरचे पैसे देऊन वडिलांना मिठी मारून गेले. आणि एका ड्रायव्हरच्या बायकोने दुसऱ्याच्या हातून लिहवून घेतलं होतं की मालकाने लायसनाशिवाय गाडी दिली नाही, नवरा तीन महिने घरी बसून होता, टायर मालकाचं होतं आणि उपाशी आम्ही राहिलो. ते पत्र ताईंनी फायलीत सगळ्यात वर लावायला सांगितलं.

ते पत्र मी माझ्या हाताने पंच करून लावलं होतं, हे इथे मुद्दाम नोंदवतो, कारण पुढे मी ते साफ विसरलो.

ताईंचं ऑफिस म्हणजे कोर्टाच्या मागच्या गल्लीतल्या दोन खोल्या. बाहेर कडुलिंबाखाली त्यांची राखाडी स्कूटी उभी असे. आत पक्षकारांसाठी बाक, आणि बाकाशेजारी जमिनीवर एक चटई. आईसोबत आलेलं लेकरू कोर्टाच्या खोलीत न्यायचं नाही, हा ताईंचा कडक नियम. आईबापांची एकमेकांवरची भाषा लेकराच्या कानावर का पडावी, असं त्या विचारत. म्हणून लेकरं चटईवर बसत, आणि निकाल लागून गेलेल्या खटल्यांच्या कागदांची मागची कोरी बाजू त्यांना चित्रं काढायला मिळे. नावगाव असलेला भाग ताई आधी स्वतः कापून टाकत. पोटगीच्या प्रत्येक खटल्यात समोरचा माणूस जिथे कमावतो तिथे अर्धा दिवस जाऊन बसायचं, ही त्यांची दुसरी सवय. भाजीच्या ठेल्याजवळ, गॅरेजात, जिनिंगच्या फाटकाशी त्या बसत आणि नुसतं पाहत. कागदावर लिहिलेली मिळकत आणि डोळ्यांनी दिसलेली मिळकत यांत फरक असतो, असं त्या म्हणत.

त्यांच्या मायेचा एक प्रसंग सांगतो. माझे वडील दवाखान्यात होते आणि माझी नेमकी महत्त्वाची तारीख होती. ताई म्हणाल्या, तू कोर्टात जा, दुकान मी पाहते. संध्याकाळी मी जामला पोचलो तर गल्ला जवळपास रिकामा आणि त्यांची वही भरलेली. एक टायर विकलं होतं, तेही खरेदीच्या भावात. "तुमच्या धंद्यात लई गमती हायेत रे," त्या म्हणाल्या. वडील आजही तो भाव आठवून डोक्याला हात लावतात, पण दुकानात ताई आल्या की गादीवरून उठून उभे राहतात.

आता माझ्या चुकीकडे येतो. ती सांगितल्याशिवाय हा गौरवलेख पुरा होणार नाही.

अल्लीपूरच्या वनिताचा खटला आमच्याकडे होता. नवरा दिनेश ट्रक ड्रायव्हर. दारू आणि मारहाण यांना कंटाळून वनिता मुलीला, पूर्वाला, घेऊन माहेरी आली होती. पूर्वा तेव्हा पाचवीत. दोघींच्या पोटगीचा हुकूम झालेला, पण पैसे कधी येत, कधी नाही. वॉरंट घेऊन पोलीस जात तेव्हा दिनेश कुठल्या तरी राज्यात गाडीवर असे, आणि कागद "मिळून आला नाही" असा शेरा घेऊन परत येई. तरीही वॉरंटच्या धाकाने अधूनमधून काही ना काही मिळे आणि पूर्वाची शाळा चालू राही.

त्या वर्षी ताईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि त्या विश्रांतीसाठी नागपूरला बहिणीकडे गेल्या. ऑफिस माझ्या हाती आलं. मला वाटलं, ताईंच्या त्या जुन्या कात्रणाचं आपणच सोनं करून दाखवावं. दिनेशचं लायसन स्थगित करा, असा अर्ज मी ठोकून दिला. न्यायाधीश महाराजांनी तो शांतपणे वाचला आणि विचारलं, "वकीलसाहेब, कल्पना नवीन आहे. कलम कोणतं?" मी न्यायाचं हित वगैरे म्हणालो. अर्ज फेटाळला गेला आणि मागच्या बाकांवर बसलेले वकील खाली माना घालून हसले.

हा अपमान मला पचला नाही. अर्जाच्या नोटिशीमुळे दिनेश त्या दिवशी हजर होता; बाहेर व्हरांड्यात तो आणि त्याचे वकील उभे होते. मी त्यांना म्हटलं, लायसन आमच्या ऑफिसात जमा करा, थकलेलं सगळं भरा आणि घेऊन जा, तोपर्यंत आम्ही नवं वॉरंट मागत नाही. दिनेशने क्षणाचाही विचार केला नाही. शर्टाच्या खिशातून प्लास्टिकच्या पाकिटातलं लायसन काढून माझ्या हातावर ठेवलं. तसं लिहून दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या. वनिता त्या दिवशी आली नव्हती. तिला नंतर सांगू, असं मी मनाशी म्हटलं आणि कामाच्या गर्दीत ते राहूनच गेलं. लायसन मी ताईंच्या लोखंडी कपाटात असं ठेवलं जसा काही एखादा किल्लाच जिंकून आणला होता. ताई परत आल्या की त्यांना चकित करायचं, म्हणून फोनवरही बोललो नाही.

पैसे त्यानंतर अजिबातच येईनासे झाले. एक महिना गेला, दुसराही गेला. मी वाट पाहत होतो की दिनेश आज येईल, उद्या येईल.

ताई काळा चष्मा लावून ऑफिसात परत आल्या त्याच आठवड्यात वनिता आली, सोबत पूर्वा. शाळेचा वार होता. पूर्वा चटईवर बसली, कागद घेतला, वाटीच्या काठाने गोल काढला, त्यात एक भोंगा आणि त्यावर तिरपी रेघ. ताईंनी चष्मा वर केला.

"हे काय काढून राह्यली माय?"

"हॉर्न वाजवू नये," पूर्वा म्हणाली आणि दुसरा गोल काढू लागली. "हे पुढं शाळा हाय. हे वळण."

"कोणी शिकवलं तुले?"

"आईनं. आई बाबाले शिकवे, तवा मीबी शिकली."

ताईंनी वनिताकडे पाहिलं. वनिता ओशाळून म्हणाली, "मोठ्या गाडीचं लायसन काढाचं होतं त्याइले. परीक्षेचा लई भेव. मंग म्या तो खुणाइचा तक्ता चुलीच्या वर भिताडाले लावला अन् भाकरी करता करता इचारत राहो. फीसाठी माह्या पायातल्या तोरड्या मोडल्या. पास झाले तवा गावात पेढे वाटले होते जी."

ताई काही बोलणार तोच त्यांचं लक्ष पूर्वाच्या हाताकडे गेलं. नखांच्या कडेने बारीक बारीक ओरखडे होते, काही सुकलेले, काही ताजे. कापसाच्या बोंडाची टोकं किती टोचतात हे आमच्या भागात कोणाला सांगावं लागत नाही. ताईंनी तो हात हातात घेतला. "शाळा?"

पूर्वाने आईकडे पाहिलं. वनिता म्हणाली, "येचणीले येते माह्यासंगं. पैसेच नाई येऊन राह्यले ताई. एका हातानं दोघीचं नाई भागत. मास्तर म्हणते, आता नाव कमी करा लागीन."

"मनोज," ताईंनी मला हाक मारली, "मी नव्हती तवा काय झालं?"

मी कपाट उघडून लायसन टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. सांगताना सुरुवातीला थोडी ऐट होती, शेवटी ती राहिली नाही. वनिता उठून टेबलाजवळ आली. तिने लायसन ओळखलं.

"हे इथी हाय?" तिचा आवाज चढला. "अन् मी म्हणत होती, हा माणूस गाडीवर काऊन नाई जाऊन राह्यला! वकीलसाहेब, कोणी सांगतलं होतं तुमाले? माह्या त्याच्यावर राग हाय, जलमभर राहीन. पण त्याची गाडी बंद करा, असं म्या कधी म्हटलं होतं? गाडी चालन तवाच पोरीच्या घासाचं यीन ना!"

पूर्वाची पेन्सिल थांबली होती. ताई मला नेहमी अरे-तुरे करत. त्या दिवशी शुद्ध भाषेत, हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही दोन गोष्टी केल्या, वकीलसाहेब. कोर्टाने नाही म्हटलेलं मागच्या दाराने करून घेतलं. आणि जिचा खटला, तिला विचारलं नाही." ते "तुम्ही" मला अजून बोचतं.

दुसऱ्याच दिवशी ताईंनी दिनेशच्या वकिलांना फोन करून भेटीची परवानगी घेतली आणि मला सोबत घेऊन सेलूला निघाल्या. दिनेश तिथल्या धान्याच्या बाजारात हमाली करत होता. डोळ्यांना धूळ वर्ज्य असताना ताई सोयाबीनच्या पोत्यावर बसून राहिल्या आणि तो पोती कशी उचलतो ते पाहत राहिल्या. गाडीवर बसणाऱ्या माणसाची पाठ ती, पोत्याखाली वाकत नव्हती. दुपारच्या जेवणाला तो सावलीत आला तेव्हा ताईंनी विचारलं, "दिनेशभाऊ, पैसे काऊन नाई देल्ले?"

तो खरंच चकित झाला. "पैसे कायचे जी? लायसन देल्लं ना मी!"

"म्हणजे?"

"वस्तू गहाण देल्ली का तगादा थांबते ना बाई. जामले टायरवाल्याकडं असंच चालते. मीबी ठेवलं होतं एक डाव. हे वकीलसाहेब त्याच दुकानातले, मी वयखतो याइले." त्याने माझ्याकडे बोट केलं. "मालकानं गाडीवरून उतरवलं, म्या म्हटलं जाऊ दे, हमाली करून जगू. लायसन गेलं ते गेलं, पण आता कोणी मांगे लागनार नाई."

माझ्या डोक्यात कायदा होता असं मी समजत होतो, प्रत्यक्षात होता तो आमचा गल्ला. बापाच्या जबाबदारीला मी दुकानातल्या उधारीसारखं वागवलं, आणि समोरच्यानेही ती तशीच समजून घेतली. चौकातल्या दोघा माणसांनी चौकातलाच व्यवहार केला होता, आणि त्यात पूर्वाची शाळा गेली होती.

ताई मात्र हे ऐकून वहीत लिहीत होत्या. त्यांना त्याचा राग येण्याआधी नवल वाटलं होतं. वही मिटून त्या म्हणाल्या, "भाऊ, टायर एक डाव देल्लं का झालं. पोरगी तशी नाई. तिले रोज भूक लागते."

"अन् मले पोरीचं तोंड पाहू देत नाई, त्याचं काय?" दिनेश उसळला. "मंग पैसे कायले देऊ?"

"त्याचा अर्ज येगळा. तुमच्या वकिलाले कराले सांगा, मी आडवी येनार नाई. पण एकासाठी दुसरं अडकवाचं नाई. ना तुमी, ना तिनं, ना आमी." शेवटचे दोन शब्द माझ्यासाठी होते.

मग पिशवीतून पूर्वाचा कागद काढून त्यांनी त्याच्या हातात दिला. दिनेशने त्या खुणा पाहिल्या, एकेकीवर बोट ठेवत गेला. ओठ हलत होते, बहुधा परीक्षेसाठी पाठ केलेली उत्तरं आठवत असावीत. मग त्याने विचारलं, "चांगली शिकून राह्यली ना ते?" ताईंनी त्याला पूर्वाच्या बोटांबद्दल सांगितलं. तो उठला, मडक्यातलं पाणी तोंडावर मारलं आणि कागदाची घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली.

लायसन परत दिलं ते ताईंच्या ऑफिसात, वनिताच्या हातून. तसं ताईंनीच सुचवलं. वनिताने ते दिनेशपुढे धरलं, पण लगेच सोडलं नाही. "पयले पोरीचं," ती म्हणाली, "बाकी सारं मंग." त्याने मान हलवली. त्याआधी ताई ट्रकमालकाच्या ऑफिसातही अर्धा दिवस बसून आल्या होत्या. पगाराच्या दिवशीच ठरलेली रक्कम पूर्वाच्या खात्यात परस्पर जमा होईल, असं दिनेशने आणि मालकाने कोर्टात लिहून दिलं. सुट्ट्या संपल्या आणि पूर्वा पुन्हा वर्गात बसली. नंतर सगळं सुरळीत झालं असं नाही. मालक बदलला तेव्हा पुन्हा दोन महिने ओढाताण झाली, दिनेशची दारू सुटायलाही वेळ लागला आणि वनिता त्याच्याकडे परत गेली नाही. पण दर महिन्याला ताईंचा अल्लीपूरला फोन जाई आणि पूर्वाला त्या शाळेतलं सगळं विचारत. महिन्यातल्या एका रविवारी बापलेकीची भेट ठरली, तीही कोर्टाच्या हुकमाने, वेगळ्या अर्जावर.

मी ताईंना माफीचं पत्र लिहिलं होतं. त्यात ऑफिस सोडून जाण्याची तयारीही दाखवली होती. ताईंनी ते वाचलं, माझं नाव कात्रीने कापून टाकलं आणि मागच्या कोऱ्या बाजूसाठी चटईवरच्या गठ्ठ्यात ठेवून दिलं. मला म्हणाल्या, "उद्या लवकर येजो, तीन तारखा हायेत." मी ताईंच्या पायाशी राहिलो तो आजतागायत. आमच्या दुकानातला लायसनांचा खणही त्याच महिन्यात रिकामा झाला. वडील कुरकुरले, मग टायर कोणाच्या भरवशावर द्यायचं म्हणाले. आता ते मालकाचा नंबर लिहून घेतात. काही लोक परत येत नाहीत, पण ते पूर्वीही येत नव्हतेच.

मागच्या वर्षी ताईंच्या स्वतःच्या लायसनाची मुदत संपत आली. एका डोळ्याला पुन्हा त्रास सुरू झाला होता आणि ऑफिसबाहेरच्या कडुलिंबाला स्कूटी एकदा घासून झाली होती. नागपूरहून त्यांच्या भाच्याचा मला फोन आला, "मनोजभाऊ, मावशी कोणाचं ऐकत नाही. तुम्ही तिचं लायसन कुठेतरी लपवून ठेवा." मी हसलो, पण फोन ठेवल्यावर मला ते लोखंडी कपाट आठवलं. ताईंनाच घरापासून कोर्टापर्यंत जाता आलं नाही, तर त्यांच्याकडे येणाऱ्या वनितांचं काय होणार, हेही डोळ्यांपुढे आलं. या वेळी मी आधी एका व्यक्तीला जाऊन विचारलं आणि मगच ताईंच्या घरी गेलो.

मी काही बोलायच्या आतच ताईंनी लायसन पर्समधून काढून टेबलावर ठेवलं. "भाच्यानं फोन केला असीन. घे. पण मंग काय होईन, याचा इचार केला का?"

"केला ताई," मी म्हणालो आणि दाराकडे पाहिलं. दारात पूर्वा उभी होती. शिक्षण पूर्ण करून ती आता हिंगणघाटच्याच एका पतसंस्थेत नोकरी करते, आणि तिचा रस्ता कोर्टावरूनच जातो. गाडी तिला दिनेशने शिकवली, रविवारच्या भेटींत. परीक्षेच्या खुणा वनिताने त्याच जुन्या तक्त्यावरून विचारल्या. ताईंनी आधी पूर्वाची बोटं नीट पाहून घेतली, स्कूटीची किल्ली तिच्या हातात दिली आणि मग मात्र त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ऑपरेशनचे डोळे आहेत, धूळ सहन होत नाही, असं त्या म्हणाल्या. खोलीत धूळ नव्हती.

तेव्हापासून रोज सकाळी ती राखाडी स्कूटी कडुलिंबाखाली येते. मागे ताई, मांडीवर काळा कोट, आणि तोंड चालूच. हे दुकान कधी निघालं, तो माणूस तिथे कशाला उभा आहे, पतसंस्थेत लोक खोटं कसं बोलतात. पूर्वाला सारखं सांगावं लागतं, "ताई, हालू नोका, गाडी डगमगते."

ताई, तुमच्यामुळे एक मुलगी शाळेत परत गेली आणि टायरवाल्याचा एक पोरगा वकील झाला. हे उपकार फेडण्यासारखे नाहीत आणि गहाण ठेवण्यासारखी वस्तूही माझ्याजवळ नाही. तुमचे डोळे शाबूत राहोत, गुडघे साथ देवोत, आणि पूर्वाच्या मागे बसून तुम्ही आणखी पुष्कळ वर्षं या गावाला प्रश्न विचारत राहा. तुमच्या शंभरीच्या ग्रंथातही मला लेख लिहायचा आहे. तो मी तुम्हाला स्वतः वाचून दाखवीन, आणि संपला की तुम्ही चष्मा वर करून विचारा, "मग काय झालं?"